अडसर आणि दिंडी दरवाजा : जाचिंतो फाक्केत्तीची कारकीर्द कशी वाचावी

५ जून १९६८. नेपल्सच्या सान पाओलो मैदानावर इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेचा उपांत्य सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला होता. बदली खेळाडू उतरवण्याची मुभा त्या काळी नव्हती. जानी रिव्हेरा लवकरच जायबंदी झाल्यामुळे इटलीने सामन्याचा बराचसा भाग दहा धडधाकट माणसांवर रेटला होता. पेनल्टी शूटआउट हा प्रकार तर नियमपुस्तकात आलेलाच नव्हता. तेव्हा पश्चिम जर्मनीचा पंच कुर्ट चेन्शर दोन्ही कर्णधारांना घेऊन आत गेला आणि त्याने नाणे उडवले. सोव्हिएत संघाचा कर्णधार होता आल्बेर्ट शेस्तेर्न्योव. इटलीच्या कर्णधाराने काटा मागितला आणि काटाच पडला. तो धावत जिना चढून वर आला. मैदानात ताटकळत बसलेल्या हजारो लोकांना निकाल कळला तो त्याच्या आनंदावरूनच.

त्या कर्णधाराचे नाव जाचिंतो फाक्केत्ती.

फुटबॉलच्या इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांपैकी अनेकांना हे नाव ठाऊक असते ते याच नाण्यामुळे. गोष्ट आहेच तशी चटकदार. पण चटकदार गोष्टींची एक खोड असते : त्या माणसाची बाकीची सारी जागा व्यापून बसतात. एकाच क्लबसाठी ६३४ सामने, राष्ट्रीय संघासाठी ९४, त्यांतील ७० कर्णधार म्हणून, आणि बचावपटू असूनही क्लबसाठी ७५ गोल, असा हिशेब मागे ठेवणाऱ्या खेळाडूची आठवण एका नाण्याच्या उलटसुलट होण्यावर टांगून ठेवणे हा इतिहासलेखनाचा आळस आहे. इटालियन बचावपटू म्हटले की आजची पिढी पाओलो माल्दिनी किंवा फ्रांको बारेझी यांच्यापाशी थांबते. दोघेही थोर, त्याविषयी वाद नाही. परंतु डाव्या बगलेवरचा बचावपटू सामन्याचा निकाल ठरवू शकतो, ही कल्पना युरोपच्या गळी उतरवण्याचे श्रेय त्यांच्या कितीतरी आधीच्या या माणसाला जाते.

त्याचा जन्म १८ जुलै १९४२ चा, लोंबार्दी प्रांतातल्या बेर्गामोजवळच्या त्रेविलियो गावातला. शेतीप्रधान मुलखातले हे गाव पुढे ट्रॅक्टरच्या कारखान्यासाठी ओळखले गेले. तो कारखानाही नेमका १९४२ सालीच उभा राहिला. महायुद्धानंतरची इटली शेताकडून कारखान्याकडे धावत होती आणि ते वळण ज्या गावांनी सर्वांत आधी घेतले, त्यांत मिलानभोवतीची ही गावे होती. पोरगा सहा फुटांहून उंच झाला, शाळेत धावण्याच्या शर्यती जिंकू लागला आणि गावच्या संघात आघाडीला खेळू लागला. आघाडीला, हे लक्षात ठेवावे. पुढचे बरेच काही त्यात आहे.

इंटर मिलानने त्याला उचलले तेव्हा क्लबची सूत्रे तेलव्यवसायातील धनाढ्य आंजेलो मोरात्ती याच्या हाती होती आणि प्रशिक्षक होता एलेनियो एरेरा. एरेरा हे प्रकरण स्वतंत्र लेखाचा विषय व्हावे असे. बार्सिलोनाहून १९६० मध्ये आलेला, भिंतींवर घोषवाक्ये चिकटवणारा, सामन्याआधी खेळाडूंना दिवसचे दिवस घरादारापासून दूर नेऊन ठेवणारा, आणि स्वतःच्या थोरवीविषयी तिळमात्र शंका नसलेला हा माणूस. नवख्या पोराचे आडनाव त्याच्या जिभेवर बसेना. त्याने ते ‘चिपेलेत्ती’ असे काहीतरी उच्चारले आणि फाक्केत्तीला ‘चिपे’ हे टोपणनाव जन्मभरासाठी चिकटले. याच एरेराने आघाडीच्या त्या पोराला मागे आणून डाव्या बगलेवर उभे केले. मे १९६१ मध्ये रोमाविरुद्ध तो पहिला सामना खेळला.

एरेराच्या संघाच्या पद्धतीला ‘कातेनाच्यो’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ अडसर, दाराला आतून लावायची कडी. प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक आघाडीच्या माणसामागे आपला एकेक माणूस सावलीसारखा लावून द्यायचा आणि त्या सर्वांच्या मागे एक मोकळा माणूस ठेवायचा. त्याने कोणाच्याही मागे धावायचे नाही. फक्त फट दिसेल तिथे जाऊन ती बुजवायची. इंटरमध्ये हे काम आर्मांदो पिक्की करी. या पद्धतीचा शोध एरेराचा नव्हे. तिची मुळे १९३० च्या दशकातल्या स्वित्झर्लंडमध्ये, कार्ल राप्पान या ऑस्ट्रियन प्रशिक्षकाकडे सापडतात आणि इटलीतही ती एरेराच्या आधीच पोचली होती. मात्र तिला बदनामी मिळाली ती इंटरमुळे. एक गोल करायचा आणि दार लावून घ्यायचे, असा या संघाचा लौकिक पसरला. त्या जोडीला इटालियन माणूस स्वभावतःच सावध, हिशेबी, धूर्त असतो असली राष्ट्रीय स्वभावाची ठोकळेबाज सूत्रेही आली. ती परक्यांनी जितकी मांडली, तितकीच खुद्द इटालियन लेखकांनीही.

फाक्केत्तीची कारकीर्द या सूत्रांत बसत नाही आणि म्हणूनच ती बारकाईने पाहण्याजोगी आहे.

मराठी वाचकाला हे समजायला एखाद्या जुन्या वाड्याचे किंवा गडाचे प्रवेशद्वार आठवणे पुरेसे. मोठे दार आतून अडसर घालून बंद असते. पण त्याच दाराच्या फळीत एक छोटा दिंडी दरवाजा असतो. बाहेरच्याची नजर मोठ्या दारावर खिळलेली असताना आतली माणसे त्या दिंडीतून निघून त्याच्या कुशीत शिरू शकतात. एरेराच्या संघाची दिंडी डाव्या बाजूला होती. कागदावर त्या बाजूचा आघाडीचा खेळाडू मारियो कोर्सो. परंतु कोर्सोला रेषेलगत धावण्याचा कंटाळा, त्याचे पाऊल सतत मैदानाच्या मध्याकडे वळायचे. त्यामुळे पुढे एक लांबलचक पट्टा रिकामा राही आणि त्या पट्ट्यात मागून लांब टांगा टाकत फाक्केत्ती शिरे. त्याला रोखायचे कोणी, हा प्रश्न १९६० च्या दशकातल्या बहुतेक संघांपुढे नवाच होता. बगलेवर खेळणारा आघाडीचा खेळाडू स्वतःच्या गोलाकडे पळत जाऊन बचावपटूचा पाठलाग करील, अशी अपेक्षा तोवर कोणी केलेलीच नव्हती.

इथे एका अतिशयोक्तीला मात्र आवर घातला पाहिजे. फाक्केत्ती हा चढाई करणारा जगातला पहिला बाजूचा बचावपटू, असे विधान पुष्कळ ठिकाणी आढळते. ते खरे नाही. ब्राझीलच्या निल्तन सांतोसने १९५८ च्या विश्वचषकात ऑस्ट्रियाविरुद्ध चेंडू घेऊन थेट पुढे जात गोल केला होता, तेव्हा फाक्केत्ती पंधरा वर्षांचा होता. ‘पहिला’ हे विशेषण काढून घेतले तरी त्याचे काही बिघडत नाही. ब्राझीलच्या मोकळ्या खेळात बचावपटूने पुढे जाणे ही एक लहर होती. इटलीतल्या सर्वांत काटेकोर, सर्वांत कंजूष संघात तेच काम योजनेचा भाग बनले. १९६५-६६ च्या हंगामात एकट्या सेरी आ लीगमध्ये त्याने १० गोल केले. ज्या लीगमध्ये गोल म्हणजे सोन्याचा कण, तिथे एका बचावपटूने केलेले हे गोल. पुढे फ्रांझ बेकेनबाउअरने सांगितले की मागून पुढे जाण्याची कल्पना त्याला फाक्केत्तीला पाहून सुचली. बेकेनबाउअर मैदानाच्या मध्यातून गेला, फाक्केत्ती कडेने जाई, एवढाच काय तो फरक.

याचा सर्वांत बोलका पुरावा १२ मे १९६५ चा. युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत इंटर लिव्हरपूलकडून पहिला सामना ३-१ असा हरून आले होते. (नाण्याची गोष्ट आवडणाऱ्यांसाठी एक तपशील : लिव्हरपूल त्या फेरीत पोचले होते तेही नाणेफेकीवरच. कलोनशी तीन सामने खेळूनही निकाल लागला नाही, तेव्हा रॉटरडॅमला पंचाने चकती उडवली. ती पहिल्यांदा चिखलात उभीच रुतली आणि पुन्हा उडवावी लागली.) सान सिरोवरच्या परतीच्या सामन्यात कोर्सो आणि पेइरो यांनी सुरुवातीच्या दहा मिनिटांतच दोन गोल केले. त्या दोन्ही गोलांविषयी आणि एकूण पंचगिरीविषयी लिव्हरपूलची तक्रार पुढे अनेक वर्षे चालू राहिली. तिसऱ्या गोलाविषयी मात्र कोणी तक्रार केली नाही. तासाभराच्या खेळानंतर डाव्या बगलेचा बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या गोलासमोर धावत आला आणि त्याने चेंडू जाळ्यात मारला. इंटर अंतिम फेरीत गेले, बेनफिकाला १-० ने हरवून त्यांनी लागोपाठ दुसऱ्यांदा युरोपियन चषक जिंकला. त्या वर्षीच्या ‘बालोन दोर’च्या मतदानात फाक्केत्ती युसेबियोच्या खालोखाल दुसरा आला. बचावपटूला इतकी मते मिळणे ही तेव्हा अपूर्वाईची बाब होती, आणि खरे तर आजही ती फारशी नेहमीची झालेली नाही.

त्या संघाचा उतार चढणीइतकाच वेगवान होता. २५ मे १९६७ रोजी लिस्बनला सेल्टिकने अंतिम सामन्यात इंटरला २-१ ने नमवले. १ जूनला मांतोव्हाविरुद्ध हरून त्यांनी हातातोंडाशी आलेले लीगचे विजेतेपदही युव्हेंटसच्या पदरात टाकले. पिक्कीला दुसऱ्या क्लबकडे धाडण्यात आले. पुढच्या वर्षी एरेराही गेला. फाक्केत्ती राहिला. १९७१ मध्ये तो चौथ्यांदा लीगविजेता ठरला. १९७२ मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम फेरीत योहान क्रायफच्या आयाक्सने त्यांना २-० ने हरवले, आणि ज्या संघाचा प्रत्येक खेळाडू कुठेही जाऊ शकतो त्याच्यापुढे सावलीसारखा माणूस लावण्याची विद्या किती जुनी झाली आहे, हे त्या संध्याकाळी साऱ्या युरोपला दिसले.

राष्ट्रीय संघाची कथा अधिक खडतर आहे. जुलै १९६६ मध्ये मिडल्सब्रोला उत्तर कोरियाने इटलीला १-० ने हरवून विश्वचषकाबाहेर काढले. मायदेशी परतलेल्या संघाचे जेनोवाच्या विमानतळावर टोमॅटोंनी स्वागत झाले. इटलीचे फुटबॉल त्यानंतर इतके हादरले की परदेशी खेळाडूंसाठी बंद झालेली क्लबांची दारे १९८० पर्यंत उघडली नाहीत. फाक्केत्ती त्या पराभूत संघात होता, आणि त्या वाताहतीनंतर कर्णधारपद त्याच्याकडे आले. पंचविशीही न गाठलेल्या खेळाडूकडे, अशा संघाचे, ज्याला देशात तोंड दाखवायला जागा उरलेली नव्हती. नेपल्सच्या नाण्याचा खरा संदर्भ हा आहे. अवघ्या दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यावर टोमॅटो पडले, त्यांच्यासाठी मैदान भरून लोक सामना संपल्यावरही थांबले होते.

शिवाय नाण्याने इटलीला चषक दिला नाही; एक सामना दिला. ८ जूनला रोममध्ये युगोस्लाव्हियाने ड्रागन जायिचच्या गोलाने आघाडी घेतली, आणि दहा मिनिटे उरली असताना आंजेलो दोमेंगिनीच्या फ्री किकने इटली बचावली. तेव्हा बरोबरीनंतर अंतिम सामना पुन्हा खेळवला जाई. दोन दिवसांनी झालेल्या त्या सामन्यात प्रशिक्षक फेरुच्यो व्हालकारेज्जीने पाच ताजे खेळाडू उतरवले. युगोस्लाव्हिया जवळजवळ त्याच थकलेल्या संघानिशी आली. जीजी रिव्हा आणि पिएत्रो आनास्तासी यांच्या गोलांनी इटली २-० ने जिंकली. नशिबाची गोष्ट सांगणारे हा पाच खेळाडूंचा बदल सोयीस्करपणे विसरतात. यानंतर युरोपचे अजिंक्यपद पुन्हा मिळवायला इटलीला २०२१ साल उजाडावे लागले.

आणि मग १९७०. मेक्सिको सिटीच्या आझ्तेका मैदानावर पश्चिम जर्मनीविरुद्धचा तो ४-३ चा उपांत्य सामना इटलीने जिंकला. चार दिवसांनी, २१ जूनला, ब्राझीलसमोर अंतिम सामना. त्यातला ब्राझीलचा चौथा गोल फुटबॉलमधील सर्वाधिक वेळा पाहिल्या गेलेल्या गोलांपैकी एक असावा. तो पाहताना बहुतेकांची नजर पेले आणि कार्लोस आल्बेर्तो यांच्यावर असते. एकदा फाक्केत्तीवर नजर ठेवून तो पाहावा. ब्राझीलचा उजवा आघाडीवीर जाइर्झिन्यो आपली बाजू सोडून मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला गेला आहे. इटलीच्या नियमानुसार त्याची सावली असलेला फाक्केत्तीही त्याच्यामागे तिकडे ओढला गेला आहे. जाइर्झिन्यो त्याला चकवून आत वळतो, चेंडू पेलेकडे देतो आणि पेले मागे न पाहता तो उजवीकडे सारतो. तिथे, फाक्केत्तीने रिकाम्या ठेवलेल्या त्या पट्ट्यात, ब्राझीलचा बाजूचा बचावपटू मागून धावत येतो.

ज्या युक्तीने फाक्केत्तीने दशकभर युरोपला सतावले, तिनेच त्याच्या संघावरचा अखेरचा घाव घातला. ही काव्यगत न्यायाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, पण तिच्यातला धडा तांत्रिक आहे. इटलीने आपल्या एका बचावपटूला पुढे जाण्याचे स्वातंत्र्य दिले. समोरच्या बचावपटूने तेच केले तर काय, याचे उत्तर शोधायचे मात्र राहून गेले. माणसामागे माणूस लावणारी व्यवस्था बचावपटूमागे कोणाला लावणार? फाक्केत्तीच्या खेळातून निर्माण झालेल्या प्रश्नाला त्याच्याच देशाने उत्तर दिलेले नव्हते.

पुढची वर्षे झटपट सांगता येतात. १९७४ चा विश्वचषक पहिल्या फेरीतच आटोपला. वेग ओसरला तसा तो मध्यावर, मोकळ्या बचावपटूच्या जागी सरकला; ज्या जागेवर कधीकाळी पिक्की उभा असे, तिथेच. नोव्हेंबर १९७७ मध्ये वेंब्लीवर इंग्लंडविरुद्ध तो राष्ट्रीय संघासाठी शेवटचा खेळला. नवल असे की, राष्ट्रीय संघाचे नेतृत्व इतकी वर्षे करणाऱ्या या खेळाडूकडे क्लबचे कर्णधारपद आले ते सान्द्रो माझोलाच्या निवृत्तीनंतर, अगदी अखेरच्या हंगामात. १९७८ मध्ये इटालियन चषक जिंकून इंटरने त्याला निरोप दिला. साऱ्या कारकिर्दीत त्याला मैदानाबाहेर काढले गेले ते एकदाच, आणि तेही पंचाच्या निर्णयावर उपरोधाने टाळ्या वाजवल्याबद्दल.

बहुतेक चरित्रलेख इथे थांबतात. तसे थांबणे सोयीचे आहे, पण प्रामाणिक नाही.

निवृत्तीनंतर फाक्केत्ती क्लबच्या कारभारात राहिला आणि जानेवारी २००४ मध्ये इंटरचा अध्यक्ष झाला. मे २००६ मध्ये ‘काल्चोपोली’ प्रकरण फुटले. क्लबांचे अधिकारी आणि पंचांच्या नेमणुका करणारे अधिकारी यांच्यातील दूरध्वनी संभाषणे बाहेर आली. युव्हेंटसची दोन विजेतेपदे गेली, क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला आणि त्यांतले २००५-०६ चे विजेतेपद जुलैमध्ये इंटरच्या नावे लिहिले गेले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ४ सप्टेंबर २००६ रोजी, कर्करोगाने फाक्केत्तीचा मृत्यू झाला. इंटरने ३ क्रमांकाचा सदरा कायमचा निवृत्त केला; त्या वेळी तो क्रमांक वापरणाऱ्या निकोलास बुर्दिस्सोने १६ क्रमांक घेतला.

चार वर्षांनी, नेपल्सच्या फौजदारी खटल्यात, आरोपींच्या वकिलांनी आधी पुढे न आलेली संभाषणे सादर केली. त्यांत फाक्केत्तीचाही आवाज होता. जुलै २०११ मध्ये फुटबॉल महासंघाचा अभियोक्ता स्तेफानो पालात्सी याने अहवाल दिला : इंटरचे वर्तनही क्रीडासंहितेचा गंभीर भंग ठरण्याजोगे होते, परंतु कारवाईची मुदत उलटून गेली आहे. इंटरने आरोप ठामपणे फेटाळले. विजेतेपद काढून घेण्याचा अधिकार आपल्याकडे नाही, असे म्हणून महासंघाने विषय बाजूला ठेवला. फाक्केत्तीविषयी केलेल्या विधानांवरून युव्हेंटसचा माजी व्यवस्थापक लुचानो मोज्जी याच्यावर बदनामीचा खटला झाला. २०१५ मध्ये मिलानच्या न्यायालयाने त्याला दोषमुक्त केले.

या तपशिलांचे करायचे काय? इटलीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, आयुष्यात एकदाच मैदानाबाहेर काढला गेलेला इतका सभ्य माणूस असे करणे शक्यच नाही. दुसरा म्हणतो, सगळे एकाच माळेचे मणी. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही नाकारावेत. खेळाडू म्हणून असलेला सभ्यपणा हा अध्यक्षाच्या दूरध्वनी संभाषणाचा खुलासा होऊ शकत नाही. पुरावा एका काळाचा आणि निष्कर्ष दुसऱ्या काळाचा, अशी ती गफलत आहे. उलट, पंच नेमणाऱ्या अधिकाऱ्याशी बोलणे आणि त्या नेमणुका पद्धतशीरपणे ताब्यात ठेवणे यांत अंतर असते. ते मोजण्यासाठीच न्यायासन असते. आणि न्यायासनापुढे हे प्रकरण कधी उभे राहिलेच नाही. मुदतबाह्य ठरलेला आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे आणि निर्दोषत्वाचा दाखलाही नव्हे. ज्याने उत्तर द्यायचे तो पाच वर्षांपूर्वीच गेला होता. संशयाचा फायदा जिवंत आरोपीला न्यायालय देते. मृताला तो द्यायचा की नाही हे वाचणाऱ्यावर येते, आणि वाचणारा बहुधा आपल्या आवडत्या संघाच्या बाजूने निकाल देतो.

म्हणून फाक्केत्तीच्या खेळाचे मोल सांगताना २०११ चा अहवाल लपवू नये, आणि तो अहवाल पुढे करून १९६५ चा गोल पुसूही नये. ही दोन वेगळी दप्तरे आहेत. पहिल्या दप्तराची चित्रफीत उपलब्ध आहे, ती कोणीही पाहून स्वतःचे मत बनवू शकतो. दुसऱ्यातली काही संभाषणे लिखित स्वरूपात छापली गेली आहेत, मात्र त्यांचा अर्थ लावणारा निवाडा त्यांना जोडलेला नाही.

२००५-०६ चे विजेतेपद आजही अधिकृत यादीत इंटरच्याच नावावर आहे, आणि त्याविरुद्ध युव्हेंटसने पुढे अनेक न्यायासनांचे दरवाजे ठोठावूनही ते तिथून हललेले नाही. फिफाने २००६ चा अध्यक्षीय पुरस्कार फाक्केत्तीला मरणोत्तर दिला. ३ क्रमांकाचा सदरा इंटरमध्ये त्यानंतर कोणी घातलेला नाही.